आधी बियाणे, मग शब्द

मित्रांनो, जरा हळू. खण असा हिसडून ओढायचा नसतो. वाचनालयाच्या जिन्याखाली मला उभे केल्यापासून तुमच्यापैकी बरेचजण येता-जाता माझा एखादा खण ओढून बघतात, आत काही नाही म्हणून तोंड वाकडे करतात आणि गोळीचा कागद टाकून पळून जातात. माझी तक्रार नाही. तक्रार करायलाही अंगात जोर लागतो. मी बारीक बारीक खणांचे एक जुने कपाट आहे आणि खरे सांगायचे तर फार दमले आहे. पण आज बाहेर ऊन मी म्हणते आहे आणि तुम्ही पायरीवर बसलाच आहात, तर माझी गोष्ट ऐकून जा.

मला घडवणारा सुतार मोठा कुरकुऱ्या माणूस होता. लाकूड चांगले मिळाले तरी कुरकुर, वाईट मिळाले तर विचारूच नका. पण हात मात्र सोन्याचा. बियाण्यांच्या दुकानासाठी त्याने मला बनवले. प्रत्येक खणाची तळफळी त्याने पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवली, म्हणजे शेवटचा दाणासुद्धा आपोआप पुढे यावा. पाठीमागच्या फळीला त्याने बारीक भोके पाडली. दुकानदाराने विचारले, "ही भोकं कशाला? उंदरांना आमंत्रण?" सुतार म्हणाला, "बी जिवंत असतं. त्याला श्वास नको का घ्यायला?" आणि खण नीट बंद झाला की 'टक्' असा आवाज यायला हवा, ही त्याची हौस होती. आवाज आला नाही तर तो पुन्हा रंधा घेऊन बसायचा.

दुकानातले माझे दिवस चांगले गेले. लोक दारातूनच म्हणायचे, "त्या कपाटातलं द्या." दुकानदार खण ओढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा, मान हलवायचा आणि मग मूठ भरायचा. माझ्या खणांतून किती शेते उभी राहिली असतील कोण जाणे. मी त्यांतले एकही पाहिले नाही. कपाटाच्या नशिबी दुकानाची समोरची भिंत आणि तिच्यावरचे पोपडे, एवढेच. तरी लोकांनी नाव काढले की बरे वाटायचे.

पुढे बियाणे रंगीत पाकिटांतून येऊ लागले. पाकिटावर टपोऱ्या भाजीचे चित्र असे, आतून काय उगवेल ते देव जाणे. पाकिटांना खण लागत नाही, खिळ्याला टांगले की झाले. मला मागच्या खोलीत ढकलले. तिथे रिकाम्या पोत्यांच्या संगतीत मी धूळ खात पडले. ज्या भोकांतून बियाणे श्वास घ्यायचे, त्यांत कोळ्यांनी संसार थाटले. गरज सरो आणि वैद्य मरो, हे माणसांनाच लागू असते असे नाही.

मग एक दिवस मास्तर आले. शेतकी शाळेत ते शिकवायचे. आले होते मुळ्याचे बी घ्यायला, पण दुकानदार मागच्या खोलीत गेला तेव्हा उघड्या दारातून त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि मुळ्याचे बी राहिले बाजूला. हातगाडीवरून मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांची बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, मुळ्याचं बी आणायला पाठवलं होतं. तुम्ही दुकानच उचलून आणलंत!"

"अगं, यात शब्द ठेवायचेत."

"शब्द?" ती म्हणाली. "ते तर घरात आधीच पोत्यानं पडलेत."

ती खोटे बोलत नव्हती. मास्तर शेतीतल्या इंग्रजी शब्दांचा कोश करत होते. शाळेतली सगळी पुस्तके इंग्रजी. मुलांना नांगर कळे, पण पुस्तकातला नांगर कळेना. म्हणून जुन्या-नव्या पुस्तकांत एखादा शब्द दिसला की मास्तर ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे, खाली आपल्या भाषेत अर्थ लिहायचे आणि चिठ्ठी ठेवून द्यायचे. आजवर त्या चिठ्ठ्या उशाखाली, डब्यांत, सदऱ्याच्या खिशात असत. आता प्रत्येक शब्दाला माझा एक खण मिळाला. त्यांनी कोळिष्टके काढली, भोके मोकळी केली आणि हसून म्हणाले, "शब्दांनाही श्वास घ्यायला हवा." सुताराला हे ऐकायला मिळाले असते तर त्याने कुरकुर दोन दिवस तरी थांबवली असती.

मास्तरांची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ते चिठ्ठीवर कधी क्रमांक घालत नसत. शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ खणात पुढे ठेवायचा, त्यातून निघालेला त्याच्या मागे, त्यातून निघालेला आणखी मागे. तळफळी उतरती असल्याने सगळ्या चिठ्ठ्या पुढच्या चिठ्ठीवर रेलून उभ्या राहायच्या. खणातला क्रम हाच खरा क्रम. त्यांची लेक मोठी झाली तशी मदतीला येऊ लागली. सुवाच्य प्रत करून ती छापखान्यात द्यायची. ती चिडायची, "बाबा, निदान पेन्सिलीनं तरी आकडे घाला हो!" मास्तर म्हणायचे, "आकडा घातला की माणूस विचार करायचा थांबतो. आकडा शेवटी." बापलेकीचे हे भांडण मी इतक्यांदा ऐकले आहे की दोघांची वाक्ये मला पाठ आहेत.

सगळे शब्द कधी ना कधी वळणावर आले. एक मात्र आडमुठा निघाला. तो म्हणजे क्रॉप.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, क्रॉप म्हणजे पीक. शेंबडे पोरही सांगेल. पण त्या खणात चिठ्ठ्या येत गेल्या आणि मास्तरांची झोप उडाली. क्रॉप म्हणजे पीक, बरोबर. पण क्रॉप म्हणजे केस बारीक कातरणे. क्रॉप म्हणजे फोटोची नको असलेली कड छाटणे. क्रॉप म्हणजे घोडेस्वाराच्या हातातला आखूड चाबूक. एका जुन्या पुस्तकात क्रॉप म्हणजे रोपाचा शेंडा, कणीस. कुणी वर्तमानपत्रात लिहिले, यंदा नव्या गायकांचे चांगले पीक आले, तिथेही क्रॉप. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे, क्रॉप म्हणजे पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी, जिच्यात तो टिपलेले दाणे साठवतो. आता पीक, चाबूक आणि कोंबडीचा गळा यांचे एकमेकांशी नाते काय? मास्तर अंगणात फिरताना पुटपुटायचे, जेवताना घास हातात धरून थांबायचे. बायको म्हणायची, "उद्यापासून मी क्रॉपचीच भाजी करते, म्हणजे तरी पानात लक्ष राहील."

एके सकाळी ते माझ्यासमोर बसून चिठ्ठ्या मागे-पुढे करत होते आणि एकदम मोठ्याने हसले. पोरासारखे हसले. भराभर चिठ्ठ्या लावल्या आणि शेजारच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, सापडलं! सगळे एकाच घरचे आहेत! चहा झाला की सांगतो."

मग ते खण आत ढकलायला लागले. खण अर्ध्यावर होता तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्यांनी डाव्या हाताने खणाचा आधार घेतला. पण खण म्हणजे काही भिंत नव्हे, तो त्यांच्यासकट बाहेर आला. मास्तर खाली आणि अंगावर सगळ्या चिठ्ठ्या. 'टक्' झालेच नाही. चहा ओट्यावर निवून गेला.

मित्रांनो, ते वाचले. पण उजवे अंग गेले आणि बोलणे गेले. तोंडातून नुसते "बा... बा" एवढेच निघे आणि हो-नाहीची मानही भलत्याच वेळी हले. जिना चढवत नव्हता म्हणून त्यांची खाट माझ्याच खोलीत टाकली. आम्ही दोघे दिवसभर एकमेकांकडे बघत पडलेले असू. ज्या माणसाने माझे सारे खण शब्दांनी भरले, त्याच्याजवळ एक शब्द उरला नव्हता. मला ते बघवत नसे, पण कपाटाला मान फिरवता येत नाही.

भेटायला माणसे यायची. सुरुवातीला त्यांच्याशी बोलायची, उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यांच्याविषयी बोलायला लागायची. एकदा मास्तरांचा धाकटा भाऊ आला. खाटेशेजारी बसून, चहाचा कप हातात घेऊन, तो लेकीला सांगू लागला, "मन घट्ट कर बाळ. आता नुसतं शरीर उरलंय. डोकं गेलं बिचाऱ्याचं." डॉक्टरांनी खरे तर एवढेच म्हटले होते की कळत असेलही, नसेलही. मास्तरांनी तोंड माझ्याकडे वळवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होते आणि ते फक्त मला दिसत होते. मी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर आयुष्यभर कुणीही काहीही बोलले आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदाच सोबत मिळाली, आणि अशी सोबत कुणालाही मिळू नये.

लेक सगळे एकटीने ओढत होती. औषधे, कपडे, कोश. वेणी घालायला वेळ कुणाला, म्हणून एके दिवशी तिने कात्री घेतली आणि केस मानेपर्यंत कापून टाकले. आई नुसती बघत राहिली. काम चालू होते, कारण बाकीचे खण शाबूत होते आणि क्रम त्यांत होता. क्रॉपच्या चिठ्ठ्या मात्र तिने जमिनीवरून गोळा करून तशाच खणात ठेवल्या होत्या. त्यांचा क्रम फक्त मास्तरांच्या डोक्यात होता. ते डोके जागेवर आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

छापखानेवाला दारात येऊन उभा राहिला. त्याच्या नखांत कायमची शाई असे. माणूस भला, पण त्याच्याकडे अक्षरे जुळवायचे शिशाचे खिळे मोजकेच. एक पान छापून खिळे मोकळे केल्याशिवाय पुढचे पान जुळवता येत नसे.

"ताई, एका शब्दापायी अख्खं पान अडून बसलंय. माझे खिळे त्यात अडकलेत. किती दिवस झाकून ठेवू?"

"एक दिवस द्या."

"उद्या सकाळी येतो. नाहीतर क्रॉप म्हणजे पीक, एवढंच जुळवून मोकळा होतो. कोण बघतंय?"

तो गेला. लेकीने खण बाहेर काढून खाटेजवळ आणला आणि चिठ्ठ्या पांघरुणावर मांडल्या. सगळ्यात पुढे पीक. ते कुणीही तिथेच ठेवले असते. मग शेंडा, मग केस, मग चाबूक. पक्ष्याच्या पिशवीची चिठ्ठी मात्र तिने बाजूला काढली.

"बाबा, ही पडापडीत दुसऱ्या खणातली आली ना? ही काढून टाकू? आणि पीक पहिलं, बरोबर?"

मास्तरांनी डावा हात उचलला आणि सगळ्या चिठ्ठ्या पांघरुणावरून झाडून टाकल्या.

लेकीने त्या उचलल्या, पुन्हा मांडल्या. त्यांनी पुन्हा झाडल्या. "बा! बा!" चेहरा लाल झाला. आई आतून आली. "नको गं त्यांना दमवूस. त्यांना आता काय कळणार या चिठ्ठ्यांचं?" आणि हे वाक्य तोंडातून निसटल्याबरोबर तिने पदर तोंडावर धरला.

लेक जमिनीवर बसली. मी तिला लहानपणापासून बघत होते, माझ्या खालच्या खणांत ती बाहुलीचे कपडे ठेवायची. तिला असे रडताना मी पाहिले नव्हते. "बाबा, कोश गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "मला तुमचं बोलणंही नको. एवढंच सांगा, तुम्ही आत आहात ना? नाहीतर मी रोज कुणाशी बोलते?"

मास्तर छताकडे बघत पडले होते.

दिवस कलायला आला तशी आईने अंगणात कोंबड्यांना दाणे टाकले. त्यांत एक होती, तिचे नावच खादाड. तिचा पाय दुखावला होता, म्हणून तिचे खाऊन झाले की आई तिला काखेत घेऊन आत आणायची आणि कोपऱ्यातल्या टोपलीखाली ठेवायची. त्या दिवशीही ती तशीच आत आली आणि मास्तरांनी मान उचलली.

"बा! बा! बा!"

"अगंबाई, आता काय झालं?" आई थबकली. मास्तरांचा हात कोंबडीकडे लांबला होता. "यांना कोंबडी हवीय वाटतं. आजवर कधी दाणा टाकला नाही, आज प्रेम उतू चाललंय."

"आई, दे त्यांना."

"पांघरूण घाण करील हो!"

"करू दे."

कोंबडी खाटेवर आली. मास्तरांनी डाव्या हाताने लेकीचे मनगट पकडले आणि तिची बोटे कोंबडीच्या गळ्याखाली दाबली. तिथली पिशवी दाण्यांनी तट्ट फुगली होती.

"गोळा लागतोय," लेक म्हणाली. "दाण्यांचा." ती थांबली. "ती चिठ्ठी... ती याच खणातली आहे?"

मास्तरांनी या वेळी नेमकी होकाराची मान हलवली. मग त्यांनी आपल्या डाव्या हाताची मूठ वळली आणि स्वतःच्या गळ्याशी धरली. गोळा. मग कोपर गादीवर टेकवले, हात सरळ उभा केला, वर तीच मूठ. हात ते खाली येऊ देत नव्हते.

लेक बघत राहिली. कणसात हयात घालवलेल्या माणसाची ती लेक. "कणीस," ती हळूच म्हणाली. "देठ आणि वर दाण्यांचा गोळा. शेंडा!"

आता मास्तरांना दुसरा हात हवा होता आणि तो त्यांच्याजवळ नव्हता. डोळ्यांनीच त्यांनी लेकीचा हात मागितला. तिने तळवा पुढे केला. त्यांनी मूठ उभीच ठेवली आणि मनगट तिच्या तळव्याच्या कडेवर पुढे-मागे घासले. आधी तिला कळले नाही. मग तिने स्वतःच तळवा विळ्यासारखा त्यांच्या मनगटावरून ओढला आणि मास्तरांची मूठ अल्लद गादीवर पडली.

"कापलं," लेक म्हणाली. आता ती हसत होती आणि रडतही होती. "शेंडा कापला म्हणून पीक! पीक पहिलं नाहीच, पीक तिसरं!"

मास्तरांचा हात पुन्हा उचलला गेला. तो तिच्या डोक्यावर गेला, त्या बारीक कातरलेल्या केसांवर, आणि तिथे जरा वेळ राहिला. त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हलत नव्हती, पण डावी बाजू हसत होती.

"हो हो, कळलं. शेंडा कापायचा तो शब्द, तोच मग केसांना, फोटोला. आणि चाबूक?"

मास्तरांनी मूठ आवळली आणि खादाडवर उगारली. काठीचा शेंडा, हातात धरायची मूठ, तीच पुढे आख्ख्या चाबकाचे नाव झाली. खादाड फडफडून उडाली, ती थेट माझ्या डोक्यावर. आई म्हणाली, "बोलता येईना, पण धाक दाखवता येतो बरोबर!" आणि पदराने डोळे पुसत खाटेच्या कडेवर बसली. मग मास्तरांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "अहो, चुकले मी. सगळं आत आहे तुमच्या. सगळं."

जाणकारही या शब्दाची कहाणी साधारण अशीच मांडतात, असे लेकीने पुढे कुणालातरी सांगताना मी ऐकले. मुळात काहीतरी गोल, फुगलेले. पक्ष्याच्या गळ्याशी एक, रोपाच्या शेंड्याशी एक. आणि बाकीचा सगळा पसारा त्यातून. पण त्या संध्याकाळी आमच्या खोलीत कुणाला जाणकारांची गरज नव्हती. लेकीने चिठ्ठ्या लावल्या, पिशवी सगळ्यात पुढे, गायकांचे पीक सगळ्यात मागे. मास्तर एकेका चिठ्ठीला मान हलवत होते. मग तिने खण उचलला, माझ्यात बसवला आणि सावकाश ढकलला.

टक्.

मास्तरांनी डोळे मिटले. त्या दिवशी ते माझ्याकडे तोंड करून झोपले, आणि उशी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी छापखानेवाल्याला पान मिळाले. धाकटा भाऊ पुन्हा आला तेव्हा लेकीने त्याची खुर्ची खाटेसमोर ठेवली आणि म्हणाली, "काका, जे बोलायचं ते बाबांशी बोला." कोश छापून आला तेव्हा मास्तर होते. पुस्तक छातीवर ठेवून ते कितीतरी वेळ पडून राहिले. पुढच्या थंडीत ते गेले. आई गेली. लेकीचे ते बारीक केस पांढरे झाले, मग तिला जिना चढवेना, मग तिने घर सोडले आणि मला इथे दिले. आता शब्द शोधायला कुणी खण ओढत नाही, काचेवर बोट ठेवले की अर्थ हजर. चांगलेच आहे. मीही किती दिवस उभे राहणार? पाय कुजले आहेत, भोकांत पुन्हा कोळी आले आहेत, आणि रिकामे असण्याचाही एक भार असतो.

तुमच्याकडे फार काही मागत नाही. कागद टाकायला ती टोपली आहे. आणि घरी कुणी आजोबा, आजी, कुणीही, गप्प पडून असेल, तर ते ऐकत नाहीत असे समजून त्यांच्यासमोर बोलू नका. शेजारी बसा. आपला हात त्यांच्या हातात द्या. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ बसा.

आणि आता तो उघडा खण बंद करा. असा नाही, हळू. आणखी थोडा. ऐका.

टक्.